किल्ली कोणाकडे?



ह्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, अर्थकारण, इतिहास अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला आमचा विषय बसवताना चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आम्ही तिघे भागीदार मिळून संकेतस्थळे बांधून देतो. दोन खोल्या, पाच संगणक आणि एक चहाची किटली एवढा आमचा पसारा. अशा उद्योगाला हल्ली 'स्टार्टअप' म्हणतात. वर्तमानपत्रांत हा शब्द बहुधा कोटींच्या आकड्याला चिकटून येतो. आमच्या खतावणीत कोटी अद्याप आलेले नाहीत. तेव्हा श्रीमंत कसे व्हावे हे ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होईल. ह्या धंद्याने आम्हांला रोजच्या रोज काय शिकवले, एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपण फोनवर एखादे नाव लिहिता. त्या नावाचा आकडा शोधून काढणारी एक व्यवस्था आहे. तिची आखणी १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी केली. त्या आकड्याचा संगणक कोठेतरी अहोरात्र चालू असतो, तो आपल्याला पान पाठवतो. पाने एकमेकांना जोडण्याची योजना टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने तिचे सॉफ्टवेअर सर्व जगाला विनामूल्य खुले केले. ही शेवटची तारीख आमच्या दृष्टीने फार मोलाची. आमच्या धंद्याचे मूळ भांडवलच असे फुकट मिळालेले आहे. चार महिने मन लावून शिकणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी आज पान उभे करू शकते. मग गिऱ्हाईक आम्हांला पैसे देतो ते कशाचे? हा प्रश्न आम्हांला पहिल्या वर्षीच पडला, आणि त्याचे उत्तर पुस्तकांपेक्षा गिऱ्हाइकांकडूनच अधिक मिळाले.

एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर चढवण्याचे काम आमच्याकडे आले. आमची रीत अशी, की कोणतीही यादी लोकांना खुली करण्यापूर्वी ती रोज वापरणाऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण मागे गप्प उभे राहायचे. ग्रंथपालबाईंनी चष्मा लावला आणि यादी थेट शेवटाला नेली. ज्ञानेश्वरी कोठे दिसेना. "अहो, 'ज्ञ' गेला कुठे?" त्यांनी विचारले.

'ज्ञ' कोठे गेला, ह्याची हकीकत मोठी मौजेची आहे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. जगातल्या लिप्यांतील अक्षरांना आकडे वाटून देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिने देवनागरीला १२८ घरांची एक आळी दिली. त्या आळीत 'ळ'चे घर 'ल'च्या शेजारीच आहे. आपण मात्र शाळेत 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष', मग 'ज्ञ' असे म्हणत वाढलो. 'क्ष' आणि 'ज्ञ' ह्यांना तर त्या आळीत स्वतःचे घरच नाही. यंत्राच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क', पाय मोडण्याची खूण आणि 'ष'. त्यामुळे नुसत्या आकड्यांच्या क्रमाने यादी लावली, की 'क्षितिज' जाते 'क'च्या घोळक्यात आणि ज्ञानेश्वरी बसते 'ज्योत्स्ना'च्या अलीकडे. 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र घर मिळायला तर २००८ साल उजाडावे लागले. तोवर आधीची घरे भरलेली, म्हणून 'ॲ'ने सुरू होणारे शब्द 'ह'च्याही पलीकडे जाऊन पडतात.

ह्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. मराठीचा क्रम नोंदलेले नियम तयार मिळतात. 'मराठी रीतीने लाव' एवढे यंत्राला सांगावे लागते. ओळ एकच. पण ती लिहायची आहे हे कळायला शेजारी ग्रंथपालबाई असाव्या लागतात.

त्याच वाचनालयातली दुसरी अडचण अधिक नाठाळ निघाली. 'वाऱ्यावरची वरात' हे पु. ल. देशपांडे ह्यांचे पुस्तक यादीत डोळ्यांना दिसत होते, पण शोधले की सापडत नव्हते. कारण 'वाऱ्या'तला तो आडवा 'र' दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत 'ऱ' ह्या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडतात; दुसरीत साध्या 'र'चा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारी एक सांधणारी खूण घालतात. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. यंत्राच्या वहीत मात्र ते दोन निराळे शब्द. नोंदणाऱ्याने एक रीत वापरली आणि शोधणाऱ्याने दुसरी, की पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे! येथे तयार नियमही पुरत नाहीत. नोंद आणि शोध दोन्ही आधी एकाच रूपात आणणारा नियम आपला आपण लिहावा लागतो. परदेशात तयार झालेली उत्तमोत्तम साधने आम्ही रोज वापरतो, त्यांचे ऋणही मानतो. पण आपल्या आडव्या 'र'ची काळजी त्यांनी वाहावी ही अपेक्षा फोल आहे. ती ज्याची त्याने वाहायची.

आता ज्या गोष्टीसाठी आजच्या व्याख्यानाला हे नाव दिले, तिच्याकडे येतो.

देवगडकडचे एक आंबा बागायतदार आमच्याकडे आले. वयाने वडील, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचे संकेतस्थळ पूर्वी कोणा दुसऱ्या कंत्राटदाराने बांधून दिले होते. पान ठीक होते, पण डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, त्या कंत्राटदाराने स्वतःच्याच खात्यावर नोंदवलेले. पुढे त्याने दुसरा धंदा धरला आणि फोन घेणे सोडले. नावाची मुदत वर्षाची असते. ती संपली ऐन चैत्रात, पेट्या निघण्याच्या वेळी. मुदत संपताच नाव लगेच मोकळे होते असे नाही. बहुतेक जागतिक नावांना काही दिवस नूतनीकरणाची सवलत असते, मग ३० दिवस सोडवणुकीचे, मग ५ दिवस निकालाचे. पण ही सारी सवलत ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्यासाठी. काकांच्या हाती छापील पेट्या होत्या, पावत्या होत्या, तीस वर्षांची गिऱ्हाइके होती. नोंदणीच्या दप्तरात मात्र ते कोणीच नव्हते. नाव सुटले आणि कोण्या तिऱ्हाइताने ते घेतले. पेटीवर छापलेला क्यूआरचा चौकोन पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांना भलत्याच पानावर नेऊ लागला. सबंध मे महिना काकांची नातवंडे जुन्या पेट्यांवर नवे कागद चिकटवीत बसली होती. काका म्हणाले, "अहो, बाग माझी, पेटी माझी, नाव माझ्या आजोबांचे, मग पाटी दुसऱ्याची कशी?"

असे फक्त लहान माणसांचेच होते, असे मात्र नव्हे. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या 'पासपोर्ट' ह्या नावाचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेल ही तिची टपालसेवा अनेकांना उघडेनाशी झाली. शेवटी कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते नाव जागेवर आणले. मोठ्या कंपनीला वेळेला असा भला माणूस भेटला. काकांना भेटला नाही.

ह्या प्रकारानंतर आमच्या दोन खोल्यांत वाद झाला. प्रश्न असा, की आम्ही बांधलेल्या संकेतस्थळांच्या किल्ल्या कोणाकडे राहाव्यात? नाव नोंदवलेले खाते, सर्व्हरचे खाते, मजकुराची प्रत, टपालाची व्यवस्था ह्या त्या किल्ल्या. आमच्यातला एक भागीदार हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "किल्ली देऊन बसलास तर उद्या गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. मग पगार कशातून करायचे?" त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. नव्या उद्योगात महिनाअखेर ही मोठी कठीण गोष्ट असते, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा मोह तेथूनच जन्म घेतो. धंद्याच्या भाषेत त्याला सभ्य नावेही आहेत. परंतु ज्याला जाता येत नाही तो राहिला, ह्यात आपल्या कामाचे काय मोल ठरले? दोन दिवस वाद चालला. अखेर ठरले, की नाव पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच खात्यावर, त्याच्याच पैशाने नोंदवायचे, आणि काम पुरे झाल्यावर सर्व किल्ल्या एका बंद पाकिटात त्याच्या हाती द्यायच्या. पहिल्याच वर्षी दोघे गेले. त्यांतले एक गृहस्थ अजून रस्त्यात भेटले की आग्रहाने चहा पाजतात. काम मात्र दुसऱ्याकडेच आहे.

मग आम्ही विकतो काय? राखण विकतो. कोकणातील श्रोत्यांना हे अधिक सांगायला नको. कौलारू घर बांधून झाले तरी दर वर्षी पावसाआधी ते शाकारावे लागते. घर नवे आहे म्हणून पाऊस थांबत नाही. संकेतस्थळाचेही तसेच. सुरक्षित दळणवळणाचे प्रमाणपत्र घ्या. पूर्वी त्याला पैसे पडत. २०१५च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ह्या संस्थेमुळे ते फुकट मिळू लागले, पण त्याची मुदत ९० दिवसांची ठरली. नूतनीकरण यंत्र आपोआप करते खरे, परंतु यंत्राने ते केले की नाही हे कोणीतरी पाहावे लागते. गिऱ्हाईक विचारते, "एकदा पैसे दिले, आता दर वर्षी कशाचे?" ह्या प्रश्नाला चिडू नये. न गळलेल्या कौलांचे पैसे कोणालाही जड जातात.

राखणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मजकुराच्या प्रतीचा, म्हणजे बॅकअपचा. येथे गिटलॅब ह्या कंपनीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री तिच्या एका तंत्रज्ञाने दुय्यम सर्व्हरवरचा समजून मुख्य सर्व्हरवरचाच साठा पुसायला घेतला. लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. प्रती ठेवण्याच्या त्यांच्याकडे पाच तऱ्हा होत्या. कामाला एकही येईना. रोजची प्रत घेणारे साधन साठ्याच्या आवृत्तीशी जुळत नव्हते, म्हणून प्रत निघतच नव्हती. तशी सूचना देणारी पत्रे यंत्र पाठवीत होते, पण त्यांवर योग्य ती सही नसल्याने टपालयंत्रणा ती परत फिरवीत होती. ओरडणारा ओरडत होता, पण दार बंद होते! योगायोगाने सुमारे सहा तास आधी एकाने चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढली होती, तिच्यावरून सारे उभे राहिले. त्या सहा तासांतला मजकूर मात्र कायमचा गेला. ह्या कंपनीचे आम्हांला कौतुक वाटते ते असे, की तिने हे काहीच लपवले नाही. दुरुस्तीचे काम लोकांसमोर थेट दाखवले आणि पुढे सविस्तर निवेदनही प्रसिद्ध केले. आमच्यासारख्या शेकडो लहान उद्योगांनी ते पाठ्यपुस्तकासारखे वाचले आहे.

घरोघरी लोणच्याची बरणी भरून ठेवतात. ती टिकली की बुरसली हे उघडल्यावाचून कळत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एक बरणी उघडतो. चिठ्ठी टाकून एका गिऱ्हाइकाचे नाव काढायचे, कोरा संगणक घ्यायचा आणि केवळ ठेवलेल्या प्रतीवरून त्याचे संकेतस्थळ पुन्हा उभे करायचे. घड्याळ समोर ठेवतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे बिल होत नाही, आणि नव्याने आलेल्या मुलांना ते शिक्षा वाटते. पण नाव, सर्व्हर, साठा, टपाल ह्यांचे परस्परसंबंध त्यांना ह्या शनिवारी जसे समजतात, तसे सहा महिन्यांच्या वर्गात समजत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

सभेत दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, संस्थांचे चिटणीस आहेत. पुष्कळांची संकेतस्थळे असतील. आपल्या नावाची नोंद कोणाच्या खात्यावर आहे, हे पाहण्याचा जागतिक रस्ता आहे; जानेवारी २०२५ पासून बहुतेक जागतिक नावांसाठी जुन्या 'हूइज'ची जागा 'आरडॅप' ह्या पद्धतीने घेतली आहे. पण खाजगीपणाच्या नियमांमुळे तेथे मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. त्यापेक्षा साधा मार्ग म्हणजे ज्याने काम केले त्याच्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: नावाच्या नोंदणीची पावती, त्या खात्याचा पासवर्ड आणि मजकुराची अगदी ताजी प्रत. पावतीवर आपले नाव आहे का आणि खाते आपल्या स्वतःच्या ई-मेलवर उघडते का, हे त्याच्यासमोरच पाहावे. नोंदीची मुदत कोणत्या तारखेला संपते ते घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. प्रश्न असतील त्यांच्यासाठी आम्ही तिघेही सभा संपल्यावर येथेच थांबणार आहोत.