थेट प्रक्षेपणातील आवाजाची पातळी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



शाळेतील कार्यक्रम मोबाइलवरून थेट दाखविण्याची प्रथा आता आपल्याकडे रुजली आहे. चाळीसगाव, साक्री या भागांतून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मुले आजीआजोबांजवळ राहून शाळा शिकतात. २६ जानेवारीस त्यांचे आईबाप दूर फडात किंवा कोपीत असतात. त्यांच्यासाठी हे प्रक्षेपण म्हणजे निव्वळ हौस नव्हे.

एका शाळेत हे काम मीच उत्साहाने अंगावर घेतले होते. पटांगणात कर्णा क्षीण वाटला, म्हणून मी आवाज वाढविण्यास सांगितले. पटांगण संतुष्ट झाले! परंतु त्याच यंत्राची एक तार फोनला जोडली आहे, याचे भान मला राहिले नाही. दुसऱ्या दिवशी एका मातेचा निरोप आला : "पोरनं तोंड दिसनं, पन बोलनं काय समजनं नही."

असे का व्हावे? डिजिटल ध्वनीत ० डेसिबल ही अखेरची मर्यादा होय. त्यावरील लहरींची टोके छाटली जातात व शब्द खरखरीत बुडतात. पायलीवरून सांडलेले धान्य वेचता येते. छाटलेला आवाज मात्र परत मिळत नाही. उलट आवाज थोडा कमी राहिला, तर ऐकणारा आपला फोन मोठा करू शकतो. म्हणून चूक व्हायचीच असेल, तर ती कमीच्या बाजूस व्हावी. साधे बोलणे उणे १८ ते उणे १२ च्या दरम्यान असावे, आणि मोठ्यात मोठा आवाजही उणे ६ च्या पलीकडे जाऊ नये.

चाचणीच्या वेळी आपण हळूच "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि समाधान मानतो. प्रत्यक्षात मुले जयघोष करतात! तेव्हा चाचणीही जयघोषानेच घ्यावी. लाजऱ्या मुलासाठी गेनची कळ फिरवू नये. ध्वनिक्षेपकच त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणावा. अंतर निम्मे केले, की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते व पंख्याची घरघर मात्र वाढत नाही. वीस फुटांवर ठेवलेल्या फोनला कोणतीही कळ तारू शकत नाही. कर्ण्याच्या यंत्रातून तार घ्यायचीच असेल, तर फोनकडे जाणारी पातळी निराळी ठेवता येईल, अशी सोय ध्वनिक्षेपकवाल्याकडे आधीच मागावी. त्या यंत्राचा जोर फोनच्या माइकच्या खाचेस सहसा पेलत नाही.

एका शिक्षकाने दुसरा फोन घेऊन बंद वर्गात बसावे. प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. तो फोन पटांगणात वाजला, तर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. त्यातही कानयंत्र न लावता ऐकावे, कारण कोपीत चौघे मिळून एकाच फोनवर ऐकतात.

आणि शक्य तर बाहेरगावी असलेल्या एका पालकास चाचणीत सामील करून, शब्द कळतात का, हे विचारावे. सकाळी फडात तोड चालू असते, म्हणून ही चाचणी आदल्या सायंकाळी घ्यावी.