तापमानाचा ताबा घराकडेच हवा

(ब्रिटनमधील मराठी अभियंत्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



दोन दिवसांत इथे हीट पंप, सौर पॅनेल, ग्रिड अशा मोठ्या विषयांवर बोलणी होतील. मी बोलणार आहे ते दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या एका तळहाताएवढ्या वस्तूबद्दल, म्हणजे स्मार्ट थर्मोस्टॅटबद्दल. माझे म्हणणे सरळ आहे. तो घरमालकाने स्वतः निवडावा, आपल्या पसंतीच्या जाणकाराकडून बसवून घ्यावा आणि गॅस-विजेच्या कराराशी त्याची गाठ मारू नये.

आधी एक गल्लत दूर करू. स्मार्ट मीटर आणि स्मार्ट थर्मोस्टॅट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मीटर गॅस-वीज किती वापरली ते मोजतो आणि तो बसवण्याची जबाबदारी पुरवठा कंपनीवर असते. थर्मोस्टॅट बॉयलर कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा ते ठरवतो. मोजणे हा ग्राहक आणि कंपनी यांच्यातला व्यवहार आहे, ठरवणे ही घराची खासगी बाब. आपले अनेक बांधव मात्र मीटरसारखाच थर्मोस्टॅटही ‘कंपनीवाले येऊन लावतील’ असे धरून चालतात. त्याचे मला नवल वाटत नाही. महाराष्ट्रात मुंबईचा काही भाग सोडला, तर वीज कुणाकडून घ्यायची हे घरगुती ग्राहकाच्या हातात नसते. ब्रिटनमध्ये मात्र १९९०च्या दशकाअखेरीस घरगुती बाजार खुला झाला. पुरवठादार बदलणे हा इथल्या ग्राहकाचा रोजचा हक्क आहे आणि माझ्या आग्रहाचे मूळ तिथेच आहे.

ब्रिटिश गॅस या पुरवठादाराने २०१३मध्ये हाइव्ह हा स्मार्ट थर्मोस्टॅट बाजारात आणला. पुढच्याच वर्षी नेस्ट हा दुसरा थर्मोस्टॅट ब्रिटनमध्ये आला तो एनपॉवर या पुरवठादाराला सोबत घेऊन. यंत्र आणि दरकरार एकाच हातून मिळू लागले. ग्राहकाला ते सोयीचे वाटले, कंपनीला ग्राहक टिकवण्याचे साधन मिळाले. पण पुढे काय झाले? एनपॉवरचे घरगुती ग्राहक ई.ऑनच्या नव्या कंपनीकडे वर्ग झाले आणि ते नाव घराघरांतून गेले. २०२१मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले, तेव्हा एका वर्षात २५हून अधिक पुरवठादार बुडाले. लाखो घरांना न मागता नवा पुरवठादार मिळाला. पहिल्या पिढीचे कित्येक स्मार्ट मीटर तर पुरवठादार बदलताच मुके झाले होते. दूधवाला बदलला म्हणून कुणी घरातले पातेले बदलत नाही. मग भिंतीवरचे यंत्र पुरवठादाराच्या नशिबाला का बांधायचे?

तांत्रिक बाजूनेही या गाठीला आधार नाही. घरगुती गॅसचा दर सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा तासागणिक बदलत नाही. त्यामुळे गॅस बॉयलरच्या थर्मोस्टॅटने पुरवठादाराशी बोलण्याचे कारणच उरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण आपल्यापैकी अनेकांची रोजीरोटी तीच आहे. बहुतेक संचांत दोन भाग असतात: बॉयलरजवळ जोडायचा रिसीव्हर आणि खोलीतला नियंत्रक. कॉम्बी बॉयलर असेल तर एकाच वाहिनीवर भागते. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर खोल्या आणि पाणी यांचे नियंत्रण स्वतंत्र लागते. तिथे झडपांची जोडणी एस-प्लॅन आहे की वाय-प्लॅन, हे आधी पाहावे लागते. जुन्या घरांत थर्मोस्टॅटपर्यंत आलेल्या तारांत न्यूट्रल असेलच असे नाही. काही बॉयलरवर २३० व्होल्टची जोडणी असते, काहींवर कमी दाबाची. दोन्हींची गफलत झाली की सर्किट बोर्ड जळतो. बाहेरची वायरिंग जाणता इलेक्ट्रिशियन करू शकतो. पण ज्या आवरणावर ज्वलनकक्षाची हवाबंदी अवलंबून आहे, ते उघडणे म्हणजे गॅसचे काम. त्याला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस हवा. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणत्या कामाची परवानगी आहे ते छापलेले असते, आणि ते पाहायला मागण्यात संकोच कसला?

निवडीचा खरा कस लागतो तो बॉयलरच्या भाषेवर. साधा रिसीव्हर बॉयलरला ‘पेट’ आणि ‘विझ’ एवढेच सांगतो. कंडेन्सिंग बॉयलरची बचत मात्र परतीचे पाणी साधारण ५५ अंशांखाली राहिले तरच हाती लागते. त्याहून गरम पाणी परत आले की वाफेतली उष्णता धुराड्यातून निघून जाते. म्हणून गरजेप्रमाणे ज्योत कमी-जास्त करायला सांगणारा नियंत्रक हवा. त्यासाठी ओपनथर्म हा खुला संवादमार्ग १९९०च्या दशकापासून आहे. तरीही वायलंटची ईबस आणि वूस्टर बॉशची ईएमएस अशा कंपन्यांच्या स्वतःच्या भाषा चालू आहेत. पुरवठादाराने सरसकट सगळ्यांना दिलेला संच तुमच्या बॉयलरची भाषा बोलेलच याची खात्री नाही. स्वतंत्र बसवणारा माणूस आधी बॉयलर पाहतो, मग यंत्र सुचवतो, आणि त्याची मजुरी तिथेच वसूल होते.

पण मित्रहो, पुरवठादारापासून सुटून यंत्र बनवणाऱ्याच्या हाती सापडलो तर काय मिळवले? नेस्ट बनवणाऱ्या गूगलने ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांचा आधार काढून घेतला. त्यात २०१४मध्ये युरोपात विकलेले यंत्रही होते. भिंतीवर हाताने तापमान बदलता येते, पण फोनशी नाते तुटले. तांब्याच्या तारा शाबूत, रिसीव्हर शाबूत; फक्त दूरच्या सर्व्हरने पाठ फिरवली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या कायद्यानुसार जोडणीयुक्त उपकरण बनवणाऱ्याला सुरक्षा-अद्ययावतीकरण किमान किती काळ मिळेल हे जाहीर करावे लागते. किमतीआधी ती तारीख विचारा.

एक आक्षेप रास्त आहे. उद्या बॉयलरच्या जागी हीट पंप आला की विजेच्या तासागणिक दरांना महत्त्व येईल. स्वस्त वेळेत घर तापवायचे तर नियंत्रकाला दर कळायलाच हवेत. मला हे मान्य आहे. पण दर कळणे वेगळे आणि नियंत्रण देऊन टाकणे वेगळे. यंत्राने पुरवठादाराशी जरूर बोलावे. ती परवानगी घरमालकाने द्यावी, हवी तेव्हा मागे घ्यावी, आणि पुरवठादार बदलला तर तेच यंत्र नव्याशी बोलू शकावे.

म्हणून या परिषदेतल्या व्यावसायिकांना चार विनंत्या करतो. इंटरनेट बंद पडले तरी वेळापत्रक पाळणारे आणि हाताने चालणारे यंत्रच सुचवा. काम संपल्यावर जोडणीचा आराखडा, मूळ तारांची छायाचित्रे आणि आधाराची शेवटची तारीख एका कागदावर लिहून घरमालकाला द्या. यंत्राचे खाते घरमालकाच्याच ईमेलवर उघडा. भाड्याचे घर असेल तर आधी मालकाची लेखी संमती घ्या आणि भाडेकरू बदलताना खाते रिकामे करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आपला कामाचा शिरस्ता पुरतो. तो शिरस्ता ठरावाच्या रूपाने उद्याच्या सत्रात मांडावा, अशी संयोजकांना सूचना करतो आणि माझे भाषण पूर्ण करतो.