न्हाणीघरातील प्लॅस्टिकला रंग



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची मला सवय नाही. पण न्हाणीघरातील जुन्या प्लॅस्टिकच्या वस्तू मी घरीच रंगवल्या, ते कसे केले हे सांगावे असा आपला आग्रह झाला, म्हणून उभी आहे.

आपल्या आया तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेत. कल्हईवाला आधी भांडे घासून लख्ख करी, मग तापवून नवसागर टाकी आणि वर कथील फिरवी. घासण्यात कसूर झाली की कल्हई धरत नसे. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. साबणदाणी, आरशाची चौकट पिवळी पडते, तिच्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो. तो लिंबाने काढावा, तेलकटपणा साबणाने धुवावा, आणि वस्तू वाळली की बारीक, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावी. मग प्लॅस्टिकसाठी मिळतो तो प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.

मात्र सगळेच प्लॅस्टिक रंग धरत नाही. बादली, मग हे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांच्यावरून साधा रंग सालीसारखा निघतो. मागे ‘पीपी’ किंवा त्रिकोणात ५ दिसला तर त्या नादी लागू नये. खूण पुसली असेल तर वस्तूचा एखादा तुटका तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात.

घरची मंडळी म्हणाली, सासूबाईंचे आंघोळीचे स्टूलही रंगव. ते मी रंगवले नाही. त्याच्या एका पायाला बारीक चीर होती. रंगाखाली ती झाकली असती, आणि सासूबाई रोज त्याच्यावरच बसल्या असत्या. स्टूल मी भंगारात दिले. धरून उठायची दांडीही तशीच ठेवली. रंगाने गुळगुळीत झाली तर ओल्या हातातून सुटायची.

आपल्या मेढ्यात आषाढ-श्रावणात कपडे सुकत नाहीत, तिथे रंग काय सुकणार! दिवाळीच्या साफसफाईत हे काम काढावे. वस्तू काढून अंगणात रंगवाव्या. बंब किंवा गॅस गीझर पेटलेला असताना जवळपास स्प्रे मुळीच मारू नये, त्याचा वायू पेट घेतो. रंग हाताला कोरडा लागला तरी पक्का झालेला नसतो. डब्यावर लिहिले असेल तितके दिवस पाणी लागू देऊ नये. आमच्याकडे तोवर साबण वाटीत होता. कुरकुर झाली, पण चालले.

माझ्याकडे पॉलिश पेपरचे दोन ताव आणि थोडा प्रायमर उरला आहे. हवा असेल त्यांनी दुपारी यावे, आणि येण्यापूर्वी वस्तूची मागची बाजू तेवढी पाहून घ्यावी.