शहराला संघ कसा मिळतो



संयोजकांनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस." म्हणून बेसबॉलवर बोलते. हसू नका. खो-खोच्या संघात मी कायम राखीव होते, हे मला आठवतंय.

२००६ साली नोकरीसाठी मी सिअ‍ॅटलला गेले. तिथे हॉटेलात जेवलं की बिलावर नेहमीपेक्षा अर्धा टक्का जास्त कर लागायचा. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तो बेसबॉलचा." माझ्या डोशाचा आणि बेसबॉलचा काय संबंध, हे शोधताना ही गोष्ट हाती लागली.

अमेरिकेत व्यावसायिक संघ शहराचं नाव लावतो, पण मालकी असते मालकाची. किती संघ असावेत, कुठे असावेत, हे सगळे मालक मिळून ठरवतात. संघ कमी आणि मागणारी शहरं जास्त. त्यामुळे मालक कधीही म्हणू शकतो, स्टेडियम बांधून द्या, नाहीतर चाललो. (पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. आयपीएलचे दोन संघ आपल्या डोळ्यांदेखत आले आणि गेले.)

सिअ‍ॅटलला पहिला संघ मिळाला १९६९ मध्ये, पायलट्स. मैदान जुनं. पहिल्या सामन्याच्या दिवशी प्रेक्षक दारात उभे आणि आत सुतार बाकं ठोकतायत! गर्दी वाढली की शौचालयातलं पाणी बंद. एका हंगामात मालकांचं दिवाळं निघालं. पुढचा हंगाम तोंडावर असताना, ३१ मार्च १९७० ला, न्यायालयाने विक्रीला परवानगी दिली आणि संघ मिलवॉकीला गेला. सामानाचा ट्रक म्हणे युटाह राज्यात थांबून होता, उजवीकडे वळायचं की डावीकडे, या निरोपाची वाट बघत. आठवड्याभरात संघ नव्या नावाने मैदानात उतरला. गणवेश तेच. जुनी अक्षरं उसवली होती, पण त्यांच्या खुणा दिसत होत्या.

मिलवॉकीला तरी दोष कसा द्यावा? त्यांचा स्वतःचा संघ १९६५ च्या हंगामानंतर अटलांटाने नेला होता.

सिअ‍ॅटलने मग खटला भरला. राज्य, काउंटी आणि शहर तिघांनी मिळून, थेट अमेरिकन लीगवर. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते स्लेड गॉर्टन. १९७६ मध्ये सुनावणी सुरू झाल्यावर लीगने तडजोड केली: खटला मागे घ्या, नवा संघ देतो. १९७७ मध्ये मरिनर्स आले. म्हणजे हा संघ प्रेमाने मिळालेला नाही, कोर्टात भांडून मिळालाय. मला हे फार आवडतं.

पण तोही १९९२ मध्ये जायला निघाला. तेव्हा सिनेटर झालेल्या त्याच गॉर्टननी निन्टेन्डोचं दार ठोठावलं. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी पैसे दिले. परदेशी मालक नको म्हणून इतर मालकांनी कुरकुर केली आणि त्यांचा मताधिकार निम्म्याच्या आत ठेवायला लावला. या गृहस्थांनी आपल्या संघाचा एकही सामना मैदानात बसून पाहिला नाही!

आता माझ्या डोशाकडे येते. सप्टेंबर १९९५ मध्ये नव्या स्टेडियमसाठी विक्रीकर वाढवावा का, यावर किंग काउंटीत मतदान झालं. लोकांनी नाही म्हटलं, जेमतेम हजारभर मतांनी. ऑक्टोबरमध्ये संघाने चुरशीच्या मालिकेत यांकीजना हरवलं, गाव वेडं झालं, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन दुसरे कर बसवले: हॉटेलच्या बिलावर, भाड्याच्या गाड्यांवर. १९९९ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. लोकांचं 'नाही' महिन्याभरात पुसलं गेलं. हे मला अजून पटत नाही.

हॉटेलच्या बिलावरचा तो कर २०११ मध्ये संपला. पण २०१८ मध्ये त्याच स्टेडियमच्या डागडुजीसाठी लॉजवरच्या करातून १३ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं काउंटी कौन्सिलने ठरवलं, पाच विरुद्ध चार मतांनी. तेव्हा मी आमच्या प्रतिनिधीला विरोधाचं पत्र लिहिलं. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या माझ्या मुलीने ते वाचून विचारलं, "आई, संघ गेला तर?" मला उत्तर देता आलं नाही. पत्र मात्र पाठवलं, आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी सामन्याची दोन तिकिटंही काढली.