फुकटाची किंमत
(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : "पोरगा मोबाईल खाली ठेवीत नाही." सारा दोष त्याच्या आळसाला दिला जातो. आज मला ह्या दोषाची दुसरी बाजू आपल्यापुढे मांडावयाची आहे.

फेसबुक, इन्स्टाग्राम आपण फुकट वापरतो. मग ते चालविणारी मेटा कंपनी जगते कशावर? २०२३ साली तिचे उत्पन्न सुमारे १३,५०० कोटी डॉलर होते आणि त्यातील शेकडा ९७हून अधिक भाग जाहिरातींचा होता. आपण जितका वेळ पाहत राहू तितक्या जाहिराती दिसणार. म्हणजे तेथे विकला जातो तो आपला वेळ.

वर्तमानपत्रही जाहिराती छापते. परंतु ते वाचून संपते. येथे शेवटच ठेवलेला नाही. संपता न संपणाऱ्या पानाची रचना २००६ साली आझा रास्किन ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने केली. पुढे त्यांनाच तिचा पश्चात्ताप झाला. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांना कबुतरांवरील प्रयोगांत आढळले होते की, दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे पक्षी चोच मारीतच राहतो. आपले बोटही असेच फिरत राहते. पुढे काहीतरी गमतीचे येईल, कोणीतरी 'लाइक' दिले असेल! मनाच्या ह्या दुबळेपणाचा जाणूनबुजून उपयोग केला गेला, अशी कबुली फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली जाहीरपणे दिली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दुबळे आहात असे नव्हे. सामना विषम आहे. म्हणून केवळ निर्धारावर विसंबू नका. सूचनांची घंटी बंद करा. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि पालकहो, रात्री जेवताना अब्बांच्या हातात मोबाईल आणि अम्मीच्याही हातात मोबाईल असेल, तर मुलाला केलेला उपदेश वाया जाईल. आपल्या वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्या शिक्षणासाठी पैसा वाचविला. आज आपल्याला मुलांसाठी वेळ वाचवावयाचा आहे. पैसा गेला तर पुन्हा मिळविता येतो. दहावीचे वर्ष पुन्हा येत नाही.