कलाशाखेचा विद्यार्थी आणि विज्ञान

दारव्ह्यासारख्या कापसाच्या मुलुखांत दहावीनंतर मुलानें कलाशाखा धरली, कीं ‘विज्ञान सुटलें’ म्हणून घरचीं माणसें निश्चिंत होतात. विषय सुटतो, गरज सुटत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें २० शेतकरी व शेतमजूर दगावले. डब्यावरील लाल त्रिकोण अतिजहाल विषाचा, हिरवा त्या मानानें सौम्य. शिवाय विष कातडींतूनहि अंगांत भिनतें. एवढें कळावयास पदवी नको, परंतु शाळेंतील रसायन मन लावून शिकलेलें हवें. कलाशाखेंतहि भूगोल घेतां येतो. त्यांत माती व पाऊस यांचा विचार असतो. तेव्हां विषय निवडतांना केवळ गुणांची सोय पाहूं नये. घरीं व शेतांत कोणतें ज्ञान जीव वांचवील, हेंहि पाहावें.