बऱ्हाणपूरपर्यंतचं कुंपण



आपल्या इंटरनेट सेवादारांच्या या सभेत अध्यक्षपदाची शाल अंगावर घेतली आहे, तेव्हा आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. धुळ्यात मी इंटरनेट जोडण्यांबरोबर छोट्या व्यापाऱ्यांची ईमेलही सांभाळत असे. लॉटरीच्या आणि औषधांच्या कचऱ्यानं सर्व्हर तुंबायचा. एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "भाऊ, त्या देशना दरवाजाच लाई टाक ना!" मी लावला. लॉगमध्ये ज्या ज्या देशाचं नाव वारंवार दिसलं, त्याचे सगळे आयपी पत्ते बंद. महिनाभर शांतता. मग सावद्याचे एक केळी व्यापारी दुकानात आले. दुबईच्या खरेदीदारानं त्यांना तीनदा मेल केला होता. उत्तर नाही म्हटल्यावर माल दुसऱ्याकडून उचलला. मी सांगितलं, स्पॅम मात्र थांबलाय. ते काही बोलले नाहीत, चहा अर्धा टाकून उठले.

आज ठराव क्रमांक तीन तेच मागतो आहे : बदनाम देशांतून येणारी ईमेल सेवादारांनीच अडवावी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. अशा व्यवहाराची पहिली चौकशी अनोळखी पत्त्यावरूनच येते. ती कोणत्या देशाची आहे ते बघून फेकणारे आपण कोण?

आणि बदनाम कोण, हे ठरवायचं कुणी? २०१२ च्या सुरुवातीला सोफॉस कंपनीच्या यादीत स्पॅम पुढे ढकलणाऱ्या देशांत पहिला क्रमांक भारताचा होता, अमेरिकेच्याही वर. आपण सगळे ठग झालो होतो म्हणून नव्हे. घराघरांतले, सायबर कॅफेतले व्हायरस लागलेले संगणक मालकाच्या नकळत परक्याचा माल वाहत होते. त्या वर्षी जगानं आपल्याला हाच ठराव लावला असता, तर जळगावच्या सराफाची आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाची पत्रंही त्याच कचऱ्यात गेली असती. नायजेरियाचं नाव घेऊन आपण हसतो. पण तिथल्या ठकबाजीच्या मेलना चिकटलेला '४१९' हा आकडा त्यांच्याच दंडसंहितेतल्या फसवणुकीच्या कलमाचा आहे. आपल्या चारसोबीसचा सख्खा भाऊ!

उलट नोव्हेंबर २००८ मध्ये जगभरचा स्पॅम एका दिवसात निम्म्याहून अधिक घटला, तो मॅकोलो नावाच्या एका कंपनीची जोडणी तोडल्यावर. तिचे सर्व्हर होते कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेला. त्या काळात अमेरिका हा देश अडवायचं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

आपल्या शेजारच्या बऱ्हाणपूरला, जुन्या खान्देशच्या राजधानीला, अडवणुकीचा हा प्रयोग माहीत आहे. चोरटं मीठ अडवायला इंग्रजांनी सिंधूकाठापासून तिथवर जकातीची रेषा आखली होती, तिच्यावर शेकडो मैल काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं होतं, राखणीला हजारो शिपाई होते. मीठ तरीही पार होतच राहिलं. १८७९ मध्ये रेषा उठली, ती दोन्ही बाजूंचा मिठावरचा कर जवळजवळ सारखा करून. चोरट्याचा नफाच संपला.

आपल्या धंद्यात नफा संपवायची जागा पाकिटावर आहे. पाठवणाऱ्यानं आपण कोण ते एसपीएफ आणि डीकेआयएमनं सिद्ध करावं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं, मग ते मुंबईचे असोत की मॉस्कोचे. आपल्या अंगणातलं कामही कमी नाही. घरगुती जोडणीवरून थेट मेल बाहेर जाणारं पोर्ट २५ तुमच्यापैकी किती जणांनी बंद केलंय? हात वर करायला लावत नाही, जेवणाआधी कुणाची भूक मारायची नाही. पण व्हायरस लागलेल्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगणं हे कंटाळवाणं, बिनपैशाचं काम कुणी करत नाही. देश बंद करायला मात्र एक ओळ पुरते.

एखाद्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या पेटीपुरता एखादा देश नको म्हटलं, तर खुशाल बंद करून द्या. पेटी त्याची आहे.

दुपारी ठराव मताला येईल. मतं समसमान पडली तर निर्णायक मत माझं आहे, आणि सावद्याचे ते व्यापारी आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत.